घरासाठी पिकअप घेताय? आधी प्लेटचा रंग ठरवा

शोरूममध्ये शिरलेला माणूस पहिला प्रश्न एव्हरेजचा विचारतो आणि दुसरा हप्त्याचा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण खताच्या गोण्या आणि घरची पाच माणसं एकाच गाडीतून न्यायची असतील, तर त्याच्याही आधी दोन गोष्टी ठरायला हव्यात. गाडीची नोंदणी कुठल्या वर्गात होणार, आणि मागच्या सीटवर कोण बसणार? इंजिन कमी ताकदीचं निघालं तर माणूस सवय करून घेतो. नोंदणी चुकली तर ती गाडी विकेपर्यंत पाठ सोडत नाही, आणि मागची सीट चुकली तर घरातली माणसं गाडीत बसणंच टाळतात. मग पिकअप शेतात आणि घरची मंडळी एसटीत.

हा लेख पहिल्यांदा पिकअप घेणाऱ्यांसाठी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे रस्ते, ऊन आणि पिकं डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

पहिलं काम : एका आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) दुसऱ्या आखाजीपर्यंत

कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात काय-काय वाहून नेलं ते लिहा. अंदाज नको. गाडी कुणाची भाड्याने आणली होती, किती दिले, काय भरलं होतं, तेही लिहा. आपल्याकडे या यादीत बहुतेकदा गंमत दिसते. रावेर-यावलकडचा केळीवाला म्हणतो, ‘माल न्यायला गाडी पाहिजे.’ पण केळी तर व्यापारी बांधावरून कापून, भरून घेऊन जातो. शेतकऱ्याच्या वाट्याला उरतात टिश्यूकल्चरची रोपं, खतं, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, फवारणीचं साहित्य. हे सामान वजनाने बेताचं, पण वरचेवर न्यावं लागणारं. कापूसवाल्याचं उलटं. त्याचा माल वर्षातून थोडेच दिवस निघतो, पण तेव्हा जागा एवढी लागते की डबल केबिनचा, म्हणजे सीटच्या दोन रांगा असलेल्या पिकअपचा, मागचा तोकडा हौदा थोड्याच क्विंटलांत भरून जातो. त्याला जिनिंगपर्यंत भाड्याचा मोठा पिकअपच परवडतो, घरी कुठलीही गाडी असो.

दूधवाला, भाजीपाला मार्केट यार्डात नेणारा, हार्डवेअर किंवा किराणा दुकानदार यांचं काम रोजचं. त्यांच्यासाठी पिकअप हा खरा पर्याय.

दुसऱ्या बाजूला माणसांची यादी करा. आखाजीला बहिणीला आणायला जाणारा मुऱ्हाळी, चैत्रात वणीच्या गडावर पायी निघालेल्यांच्या मागून पाणी-शिधा घेऊन जाणं, लग्नसराई, नाशिकच्या दवाखान्यातल्या फेऱ्या, पोरांची शाळा. लांबच्या प्रवासात किती माणसं असतात ते खास लिहा. सहा असतील तर विषय संपला, कारण डबल केबिनमध्ये चालकासह पाचच बसतात. सातजणांचं कुटुंब असेल तर साधी सात सीटची गाडी घ्या आणि मालाला भाड्याचं वाहन बोलवा. हिशोबात तेच स्वस्त पडतं. पिकअपच्या नादात हे ऐकून घ्यायला कुणी तयार नसतं, पण यादी करणाऱ्यांतल्या निम्म्यांना पिकअपची गरजच नसते असं माझं मत आहे.

बाजारात आहे काय

ढोबळ तीन जाती.

सिंगल केबिनचा पिकअप, म्हणजे पुढे चालक आणि एक-दोन माणसं, मागे लांब हौदा. कुटुंबाच्या गाडीत तो मोजू नका. ‘पोरं मागे बसतील’ हा विचार डोक्यात आला की तिथेच थांबा. का, ते पुढे येतं.

दुसरी जात कामाच्या डबल केबिनची. महिंद्राची बोलेरो कॅम्पर, टाटाची योद्धा क्रू कॅब, इसुझूची एस-कॅब. पाच सीट, मागे आखूड हौदा, खाली कमानीसारखे पाट्याचे स्प्रिंग. कॅम्परचं इंजिन अडीच लिटरचं, ताकद ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. हिला पळायची घाई नसते, ओढायची असते. किंमत साधारण दहा लाखांच्या घरात, आणि दुरुस्ती चोपड्यापासून नवापूरपर्यंत कुठल्याही गॅरेजात होते. या शेवटच्या गोष्टीला आपल्या भागात फार किंमत आहे.

तिसरी जात हौशी पिकअपची. इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये भारतात आलेली टोयोटाची हायलक्स. व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं इंजिन १६३ हॉर्सपॉवर देतं, हायलक्सचं २.८ लिटरचं २०४. आतून कारसारख्या, एसी चांगला, एअरबॅगा भरपूर. किमती मात्र वीस-पंचवीस लाखांच्या वर. आणि लांबी! दोन्ही सव्वापाच मीटरपेक्षा जास्त. बोलेरो जीप चार मीटरच्या आत बसते, म्हणजे तिच्यापेक्षा चार फुटांहून लांब. धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावात गोलाणी मार्केटपाशी ही गाडी लावून दाखवा, मग बोलू. गावातल्या जुन्या गल्लीत ती एका फटक्यात वळत नाही. घरासमोरची जागा टेपने मोजूनच शोरूमला जा.

या जातीतली गाडी घ्यायची तर आणखी एक विचारा. अधिकृत सर्व्हिस सेंटर किती किलोमीटरवर आहे? दर सर्व्हिसला नाशिक, सुरत नाहीतर संभाजीनगर गाठावं लागणार असेल तर तो दिवस आणि ते डिझेल किमतीत धरा.

पांढरी की पिवळी

इथे सावकाश वाचा.

कामाची डबल केबिन ही सामान्यतः मालवाहू वाहन म्हणून नोंदली जाते. पिवळी प्लेट, काळी अक्षरं. व्ही-क्रॉस आणि हायलक्स खासगी वाहन म्हणून पांढऱ्या प्लेटवर नोंदता येतात. दिसायला दोन्हींना पाच सीट आणि हौदा. कागदावर मात्र दोन्हींची जात वेगळी. ‘साहेब, होऊन जाईल व्हाइट पासिंग’ असं सेल्समन तोंडी म्हणतो. कोटेशनवर वाहनाचा वर्ग, आसनक्षमता आणि एकूण वजन लिहून मागा. तो लिहून देत नसेल तर त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं.

पिवळ्या प्लेटबरोबर काय-काय येतं?

फिटनेस, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग. नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षं काळजी नाही. मग आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, आणि त्यानंतर दरवर्षी गाडी तपासून घ्यावी लागते. लाइट, ब्रेक, मागची लाल आणि पुढची पांढरी रिफ्लेक्टर टेप, सगळं पाहतात. पांढऱ्या प्लेटला हा व्याप पंधरा वर्षांपर्यंत नाही.

वेग. मालवाहू गाड्या ताशी ८० किलोमीटरला बांधलेल्या येतात. जळगाव-धुळे चौपदरीवर ट्रकच्या मागे राहायची तयारी ठेवा. व्यक्तिशः मला ही अडचण वाटत नाही. पाट्याच्या स्प्रिंगवर रिकामी गाडी याहून जोरात पळवणं तसंही शहाणपणाचं नाही.

टोल. १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. तेव्हाचा दर ३,००० रुपये, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. हा पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला मिळतो. पिवळ्या प्लेटला नाही. धुळे-नाशिक नेहमीचं असेल तर फरक खिशाला कळतो.

कर. इथे पिवळीचं पारडं जड. डिझेलच्या खासगी गाडीला महाराष्ट्रात किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के एकरकमी कर पडतो. ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांसाठी २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात ७ टक्के एकरकमी कर ठरवला गेला. मालवाहू वाहनांवरचा जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा मित्राने दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या गाडीच्या किमतीवरून आजचा अंदाज बांधू नका.

परमिट. गाडीचं एकूण वजन, म्हणजे मालासकट कागदावरचं, ३,००० किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. कॅम्पर घेताना आरसीवर हा आकडा बघाच. तीन हजारांच्या अलीकडे की पलीकडे, यावर एक कागद वाढतो.

लायसन्सची भीती मात्र काढून टाका. हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे साधं कारचं लायसन्स असणारा ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१७ मध्ये सांगितलं होतं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. एजंट ‘बॅज (मालवाहू गाडीचा वेगळा परवाना) काढावा लागेल, पाच हजार द्या’ म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

विमा : मागच्या सीटवर बसलेल्या आईला संरक्षण आहे का?

हा प्रश्न अक्षरशः याच शब्दांत विमा एजंटला विचारा.

थर्ड पार्टीचे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या विम्याचे, दर सरकार ठरवतं. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांत दीड लिटरच्या वरच्या खासगी कारला वर्षाला ७,८९७ रुपये, तर ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला १६,०४९ रुपये. म्हणजे दुपटीहून जास्त. गाडी स्वस्त पडली तरी विमा दरवर्षी हात धुवून घेतो.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट आत आहे. मालवाहू वाहनाची सक्तीची पॉलिसी गृहीत धरते की गाडीत चालक, कामगार आणि मालाबरोबर जाणारा मालाचा मालक असेल. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी हे १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं. लग्नाला निघालेली माणसं त्यात नाहीत. मालवाहू गाडीत प्रवासी म्हणून बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर सक्तीने येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात दिला. अपघात झाला तर भरपाईचा दावा गाडीमालकावर येऊन बसतो. घर, शेत, सगळं त्यात येतं.

उपाय आहे आणि फार महागही नाही. पॉलिसीत ‘भाडं न देणाऱ्या प्रवाशांची जबाबदारी’ हे जोडकलम मागून घ्या, आरसीवर जितक्या सीट आहेत तितक्यांसाठी. चालक, क्लीनर, हमाल यांच्यासाठी वेगळं जोडकलम असतं. माणसं ठेवून काम करत असाल तर तेही घ्या. गाडीमालक स्वतः चालवत असेल तर त्याचा १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा घ्यावा लागतोच. पॉलिसी हातात आली की ही कलमं छापील कागदावर बोट ठेवून शोधा. ऑनलाइन स्वस्तात काढलेल्या पॉलिसीत ती बहुधा नसतात, कारण कुणी मागितलेलीच नसतात.

आणि हौदा. सीटसाठी जोडकलम मिळतं, हौद्यासाठी कुठेही मिळत नाही. वऱ्हाड, मजूर, गडावर निघालेली पोरं, कुणीही. कोंडाईबारी घाट असो की चांदसैली, वळणावर हौद्यातल्या माणसाला धरायला काही नसतं. हौद्यात बाकडी वेल्डिंग करून बसवणं म्हणजे गाडीच्या बांधणीत फेरफार. कायद्याने बंदी, आणि विमा नाकारायला कंपनीला आयतं कारण. आपल्याकडे सगळेच बसवतात हे खरं. सगळ्यांच्या केसेस कोर्टात वर्षानुवर्षं चालतात हेही तितकंच खरं.

ट्रायल घेताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या

तुम्ही मागे बसा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यात लहान पोराला बरोबर घ्या.

आधी चढून बघा. नऊवारी नेसलेल्या आजीचा पाय फूटबोर्डवर पोचतो का? पोचला तर वर ओढून घ्यायला दाराच्या वर किंवा खांबाला हँडल आहे का? कामाच्या डबल केबिनमध्ये मागचं दार लहान असतं आणि सीटची पाठ जवळजवळ काटकोनात उभी. पाठ मागे कलत नाही, कारण मागे लगेच केबिनचा पत्रा आहे. गुडघे पुढच्या सीटला टेकतात का, डोक्यामागे उशी आहे का, तिन्ही जागांना खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, की मधल्याला फक्त कमरेचा, की काहीच नाही, हे हात लावून पाहा. लहान मुलाची सीट बांधायची असेल तर ती घरून न्या आणि तिथेच बांधून पाहा. शोरूमवाले हसतील. हसू द्या.

मग गुळगुळीत महामार्ग सोडून गावाकडच्या रस्त्यावर घ्या. दोन-तीन ठिगळांचे खड्डे आणि एक मोठा गतिरोधक पुरे. मालासाठी बनवलेले पाटे रिकाम्या गाडीत कडक असतात. मागची माणसं उडतात. हौद्यात दोन-तीनशे किलो पडले की तीच गाडी शहाण्यासारखी चालते. शक्य असेल तर दोन्ही प्रकारे ट्रायल मागा. लांबच्या प्रवासाला पाठदुखी असलेलं माणूस नेहमी असणार असेल तर ही ट्रायलच निर्णय देते. हौशी पिकअपही मागून पाट्यांवरच असते, फरक फक्त कमी-जास्तीचा. कारसारखी मऊ ती नाहीच.

एसी. मे महिन्यात पारा ४४-४५ ला असताना दुपारी बारा ते तीनमध्ये ट्रायल घ्या. कामाच्या डबल केबिनच्या काही मॉडेलांत एसीच नसतो, तर काहींत पुढे गार, मागे कोमट. मागच्या सीटसाठी वेगळी झोत-जाळी आहे का ते बघा. काच किती खाली जाते तेही.

सोबत आलेल्या आजीला शेवटी विचारा, ‘कशी शे गाडी?’ तिने फक्त मान हलवली तर गाडी घेऊ नका.

वजनाचं गणित

आरसीवर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतं ते सगळ्यांचं मिळून. माल, माणसं, डबे, स्टेपनीशेजारी कोंबलेला जॅक-पान्ह्यांचा डबा, सगळं त्यात.

समजा वजाबाकी ९०० किलो आली. पाच माणसं ३२५-३५० किलो. उरले साडेपाचशे. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५०. दहा-अकरा गोण्या झाल्या की बस. ‘एक टनाची गाडी’ म्हणून माणसांसकट वीस गोण्या टाकणारे रोज दिसतात. जादा वजनाला कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. हौद्याबाहेर बाजूला, मागे किंवा उंचीला निघालेल्या मालालाही २०,०००. कापसाची गाठोडी बाहेर फुगतात तेव्हा हेच कलम लागतं. पीव्हीसी पाइप सहा मीटरचा, डबल केबिनचा हौदा पाच फुटांच्या आसपास. पाइप तिच्यातून न्यायचेच नाहीत. दुकानदाराला पोचवायला सांगा.

महागड्या गाडीत जास्त वजन बसतं हा गैरसमजही इथेच काढून टाका. हौशी पिकअपमध्ये पाच माणसं बसल्यावर हौद्यासाठी उरणारं वजन साध्या कॅम्परपेक्षा कमी निघू शकतं. ताकद ओढायची आणि वाहायची, दोन निराळ्या गोष्टी.

माल ठेवताना जड वस्तू केबिनच्या पत्र्याला लावून, खाली. फाळक्याकडे, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेकडे, जड ठेवलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही.

फोर बाय फोर घ्यावी का?

सातपुड्याच्या पायथ्याशी, धडगाव-तोरणमाळकडे, किंवा नाले ओलांडून शेतात जायचं असेल तर उपयोग होतो. तापीकाठच्या काळ्या जमिनीत मात्र तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. भिजलेली काळी माती टायरच्या नक्षीत भरली की चारही चाकं गुळगुळीत होतात आणि चारही फिरतात. तिथे टायर आणि चालकाचा संयम कामाला येतो, नाहीतर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणि टोचन. ज्यांना वर्षातून चार दिवस चिखल लागतो त्यांनी ते चार दिवस गाडी बांधावर उभी करावी.

जुनी घेत असाल तर

जुन्या कॅम्पर आपल्याकडे भरपूर मिळतात. सुरत, सेंधवा, बऱ्हाणपूरकडूनही येतात आणि स्वस्त वाटतात. परराज्यातल्या गाडीला तिथल्या आरटीओचं नाहरकत पत्र लागतं, मग महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर. हा खर्च धरला की स्वस्ताई बरीचशी जिरते.

एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून फिटनेस, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा आणि चलनं पाहा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. ‘करू पुढच्या महिन्यात’ म्हणून सही केलेले फॉर्म कपाटात पडून राहतात आणि तोवर अपघाताची नोटीस जुन्या मालकाला जाते.

गाडीखाली वाका. पाट्यांत एखादा तुटलेला, नवा घातलेला किंवा जादा टाकलेला दिसतो का? जादा पाटा म्हणजे ही गाडी आयुष्यभर जास्त वजन वाहत आली. चासीच्या लांब पट्ट्यांवर वेल्डिंगचे डाग, हौद्याच्या तळाला मिठा-खताने खाल्लेला पत्रा, मागच्या टायरांची एका बाजूची झीज पाहा. हौद्याला नवा रंग आणि केबिनला जुना असेल तर खाली काय आहे ते टोकदार पान्ह्याने टोचून बघा. खताची वाहतूक केलेल्या गाडीचा पत्रा आतून जातो.

गाडी दारात आल्यावर

टायरमधली हवा. चालकाच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगळी लिहिलेली असते. मागच्या टायरमध्ये मालाची हवा ठेवून घरच्यांना फिरवलं की गाडी उडते आणि टायर मधून झिजतो. पंपावरचा पोरगा सगळ्यांत एकसारखी भरतो, त्याला आकडे सांगा. उन्हात लांबून आल्याआल्या हवा तपासू नका, सकाळी थंड टायरवर तपासा.

पावसाळ्यात रिकाम्या पिकअपचं मागचं टोक हलकं असतं. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला तर मागचा भाग बाजूला सरकतो. मागचे टायर गुळगुळीत होण्याची वाट न पाहता बदला.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारी डीपीएफ नावाची जाळी असते. घर ते शेत तीन किलोमीटर, परत घर, एवढंच चालवलं की ती काजळीने भरते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागला की दुर्लक्ष नको. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने काही वेळ चालवली की बहुधा साफ होते. दिवा तसाच ठेवून महिना काढला तर जाळीचं बिल येतं, आणि ते बिल लहान नसतं.

ताडपत्री चांगली घ्या. हौद्याच्या कडांवर अर्धा फूट लोंबेल एवढी, कडेला पितळी रिंगा असलेली. आधी केबिनकडची बाजू बांधायची, मग दोन्ही अंगांनी मागे येत ओढत जायचं आणि फाळक्यावर शेवटची गाठ. उलट बांधली तर वारा पुढून आत शिरतो आणि पारोळ्याच्या पुढे गेल्यावर ताडपत्री शिडासारखी फुगते. बॅगा नेताना गोण्यांच्या जागी जुनं जाजम अंथरा, नाहीतर बहिणीच्या साड्यांना युरियाचा वास लागतो आणि तो वर्षभर ऐकावा लागतो.

पुढे लोखंडी गार्ड बसवू नका. २०१७ च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे, आणि धडकेत एअरबॅगच्या कामातही तो अडथळा आणतो.

विमा, फिटनेस आणि पीयूसीच्या तारखा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. फिटनेस संपलेली गाडी रस्त्यावर असताना अपघात झाला तर विम्याच्या दाव्यावर लगेच वाद सुरू होतो.

गाव गाडी मागणारच

पिकअप दारात उभी राहिली की आठवड्याच्या आत कुणीतरी येतं. ‘जिभाऊ, जरा मंडपाचं सामान आणायचं होतं.’ नाही म्हणणं आपल्याकडे जमत नाही, तेव्हा आधीच ठरवून ठेवा.

प्लेट पांढरी असेल तर भाड्याचे पैसे घेऊ नका, रोखीत नाही आणि यूपीआयवर तर मुळीच नाही. खासगी गाडीतून भाड्याची वाहतूक हा पॉलिसीचा भंग आहे आणि यूपीआयचा संदेश म्हणजे त्याचा पुरावा. पिवळ्या प्लेटला भाडं चालतं, पण तेव्हाही मालाचंच. गाडी देताना चालक तुमचा किंवा तुम्ही ज्याचं लायसन्स डोळ्यांनी पाहिलं असा. लायसन्सचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सामानाबरोबर मालाचा मालक केबिनमध्ये बसू दे, बाकीची मंडळी मोटरसायकलवर किंवा रिक्षाने येतील हे किल्ली देण्याआधीच सांगा. किल्ली हातात गेल्यावर सांगितलेलं कुणी ऐकत नाही.